जाळीतला कप

मी माझ्या आईला कामवाली केलं. एका शब्दात केलं. तो शब्द होता 'हो'.

सातारा परिसरातली एक कॉलनी. साताऱ्याचा सातारा नव्हे, आमच्या शहराच्या कडेचा. नाव सांगत नाही. एका देवाचं नाव आहे आणि पुढं 'नगरी' जोडलंय, एवढ्या वर्णनात अर्धं शहर बसतं. भिंतीला भिंत लावून दोन रो-हाऊस. एकात मालकीणबाई राहायच्या, दुसरं विकायला काढलेलं. ते बघायला रविवारी सकाळी गेलो. पुढं मी, मागं आई. मालकीणबाईंनी फाटक उघडलं, मला या-या केलं, माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि कोथिंबिरीचा भाव विचारावा इतक्या सहज विचारलं, "या तुमच्याकडे कामाला का?"

मी म्हणालो, "हो."

विचार करून म्हणालो असतो तर निदान पक्का बदमाश तरी ठरलो असतो. विचार केलाच नाही. वर हसलो.

आई दीड हातावर होती. न ऐकायला काय झालं. आई कुणाच्याही दारात पाय ठेवताना 'जय भीम' म्हणते. शेजारीण असो, डॉक्टर असो, बँकेतला साहेब असो. त्या दिवशीही तिनं तोंड उघडलं होतं. मिटलं. चपला पायरीच्याही बऱ्याच अलीकडं काढल्या आणि मुकाट आत आली.

आता ते 'हो' माझ्या तोंडात कुठून आलं, ते सांगायला पाहिजे.

मी चितेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. केसाएवढा फरक सापडला तरी नग बाजूला टाकतो. ह्या डोळ्याचा मला लई अभिमान. घरी आल्यावर हा डोळा बंद. बायको एका खाजगी दवाखान्यात नर्स. पोरगी पाच वर्षांची. जुन्या वस्तीत दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं. पोरीला शाळेत घालायच्या आत घर बदलायचं ठरलं आणि मी रविवारच्या रविवार स्कूटर काढून शहराच्या कडाकडानं हिंडायला लागलो. देवळाई, बीड बायपास, पार पडेगावपर्यंत.

बायकोनं यादी दिली होती. शाळा जवळ पाहिजे. बोअरला पाणी पाहिजे. रात्रपाळीला रिक्षा मिळाली पाहिजे. आईच्या खोलीला उजेडाची खिडकी पाहिजे. माझीही एक यादी होती, ती मी बायकोला दाखवली नव्हती. तिच्यात एकच ओळ होती: कुणी खोलात विचारू नये.

पहिल्या दोन ठिकाणी मी खरं सांगितलं होतं. एक घर त्याच संध्याकाळी दुसऱ्याला गेलं. दुसऱ्या घरात मालकाच्या भावाला अचानक गावाहून राहायला यायचं झालं. महिन्याभरानं मुद्दाम तिथून गेलो. भाऊ नव्हता. पाटी तशीच. घर विकणे आहे.

तेव्हापासून मी शहाणा झालो. आमचं आडनाव गावावरनं पडलेलं, शेवटी 'कर'. ह्या आडनावाचे पुजारीही निघतात आणि आम्हीही. जात कुणीच विचारत नाही हो. लोक सभ्य आहेत. मूळचे कुठले, विचारतात. कुलदैवत कोणतं, विचारतात. खाण्यापिण्याचं कसं, विचारतात. मी नुसतं आडनाव सांगायचो आणि पुढचं त्यांच्या कल्पनेवर सोडायचो. देवळाईत एका आजोबांनी गोत्र विचारलं. मी म्हणालो, कश्यप. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत वाचलं होतं. आजोबा उठून उभे राहिले, म्हणाले, आपलं एकच की. आत हाक मारून बेसनाचे लाडू मागवले. मी दोन खाल्ले. तिसरा रुमालात बांधून घेतला, पोरीसाठी. लाडू चांगले होते. बोअरला पाणी नव्हतं, म्हणून ते घर सुटलं.

अशा पूर्वतयारीनं मी त्या नगरीत गेलो होतो. बायकोला दवाखान्यात ड्यूटी लागली, म्हणून आई आली. खिडकी तिची होती, तिनंच बघायची. आमच्याकडं त्या दिवशी आठ दिवसांनी नळ आला होता. पाणी भरता भरता ती तशीच निघाली, साडीचा ओचा ओला. बदल म्हणालो नाही.

घर झकास होतं. शाळा चालत दहा मिनिटं. पाणी बारमाही. मागच्या खोलीला पूर्वेची खिडकी, ऊन थेट फरशीवर. आई त्या उन्हात क्षणभर उभी राहिली. मग बाजूला सरली, मालकीणबाईंना वाट द्यायला.

चहा त्यांच्या घरात झाला. मला आणि त्यांना फुलाफुलांचे कप, बश्यांसकट. आई मागच्या ओट्यावर, जिथं भांडी घासतात तिथं. मालकीणबाई तिकडं वळून म्हणायला लागल्या, "बाई, तुमचा कप..." वाक्य पुरं व्हायच्या आत कप आईच्या हातात होता. खिडकीच्या जाळीत, बाहेरच्या अंगानं, साबणाच्या वडीशेजारी उपडा घातलेला. कान तुटलेला.

तिला तो कुणी दाखवला नव्हता. घर नवं. बाई नवी. पण गंगापूरकडनं मला काखेत घेऊन ती ह्या शहरात आली तेव्हापासून तीस वर्षं तिनं लोकांची भांडी घासली, आणि जेवढ्या घरी घासली तेवढ्या घरी तो कप त्याच जागी होता.

तिनं पदराचं टोक कपाभोवती गुंडाळलं. चहा प्याली. कप विसळला. परत उपडा घातला. मालकीणबाई खूश. मला म्हणाल्या, "अशा बायका मिळत नाहीत हो आजकाल." मी म्हणालो, "खरंय."

हेही मी म्हणालो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढंमागं मला नाकारता येणार नाही.

मग त्या आईला म्हणाल्या, त्यांच्याकडं बाई टिकत नाही, तुम्ही इथं येणारच आहात तर आमचंही सकाळचं उरकाल का. आई म्हणाली, "बघते ताई."

परत येताना बायपासच्या सिग्नलला आई मागनं बोलली. 

"घर चांगलं हाय. घे."

मी हूं केलं.

"मी येत जाईन सकाळी. ती बाई बोलावतीच हाय. तिची भांडी घासता घासता पोरगीबी दिसंल मला."

मी हसलो. मग आरशात बघितलं. ती हसत नव्हती.

तो टोमणा होता का सरळ हिशेब होता, मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. टोमणा असता तर मी वाचलो असतो. पण तिचा चेहरा टोमण्याचा नव्हता. तिला एवढंच कळलं होतं, की पोराला हे घर पाहिजे आणि पोराच्या घरात आई बसत नाही. मग तिनं माझ्या खोट्यात स्वतःपुरती जागा शोधली. मागच्या ओट्यावर.

मागनं गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सिग्नल कधीच सुटला होता.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. दहावीत असताना आई शाळेच्या रस्त्यावर दिसली, हातात दुसऱ्याच्या घरचं शिळं, की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो. बूट नव्हतेच मला. चप्पल होती. काय बांधत होतो, माझं मला ठाऊक. तेव्हा वाटायचं, मोठा झालो की हे जाईल. मोठा झालो, आणि एका शब्दात तिला परत त्याच ओट्यावर नेऊन बसवलं.

दुपारी बायको ड्यूटीवरून आली. तिला सगळं सांगितलं, लाडवांसकट. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाणी प्यायलं आणि विचारलं, "उद्या पोरगी तुम्हाला ड्रायव्हर म्हणाली तर चालंल ना? स्कूटर चालवताच की."

पुढचा आठवडा मी कंपनीच्या बसमध्ये भाषण पाठ केलं. त्यात हजारो वर्षं होती, माणुसकी होती, शेवटी एक शेरही होता. रविवारी मालकीणबाईंनी बोलावलं होतं, कागदावर पूर्ण नाव टाकायला. बायको तयार झाली. आई हलेना. म्हणाली, "मी कशाला? आज कामाचा वार नाय." बायकोनं स्वतःची चांगली साडी पुढं केली. आईनं ती घडी तशीच ठेवली आणि मागच्या रविवारचीच साडी नेसली. "हीच बरी," म्हणाली. "वळखतील तरी."

मालकीणबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, बरं झालं, बाईंनाही आणलंत. आई सवयीनं मागं ओट्याकडं निघाली. चहा आला. फुलाफुलांचे कप.

मी उठलो. भाषण बसमध्येच राहिलं होतं, एक शब्द आठवेना. सरळ मागच्या खिडकीपाशी गेलो आणि जाळीतनं हात घातला, कप काढायला. हात आत गेला, कप हाताला लागला, पण बाहेर येईना. ना कप, ना हात. बंड करायला निघालेला माणूस खिडकीच्या जाळीत मनगट अडकवून उभा.

ओट्यावरनं आई म्हणाली, "बाहेरनं काढत्यात तो."

कसाबसा हात सोडवला. मागच्या दारानं बाहेर गेलो, बाहेरनं कप काढला, आत आणला. बायकोनं माझ्या फुलांच्या कपातला चहा त्यात ओतला.

"अहो, तो बाईंचा कप आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"त्या बाई माझी आई आहेत. मागच्या रविवारी मी खोटं बोललो. पूर्ण नाव पाहिजे होतं ना तुम्हाला? आम्ही जय भीमवाले."

 मालकीणबाईंचा चेहरा बदलला असं म्हणता येणार नाही. फक्त नजर माझ्यावरनं उठली आणि सोफ्याच्या खोळीवर जाऊन बसली, जिथं मी आत्ता बसलो होतो.

"आम्ही जातपात अजिबात मानत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही फसवलंत."

"फसवलं," मी म्हणालो. "पण तुम्हाला नाही."

मग त्या म्हणाल्या की घराचं आता आमच्या ह्यांना विचारून सांगते. मी म्हणालो, विचारू नका. ज्या जाळीत हा कप आहे, तिच्या भिंतीला भिंत लावून माझी पोरगी मोठी होणार नाही. भाषणातलं नव्हतं हे. जे पाठ केलं त्यातलं काहीच कामाला आलं नाही.

आणि आता शानमध्ये चहा संपवून निघायचं, म्हणून कप धरला, तर बोटं भाजली. कान नसलेला कप धरायचा कसा, हे मला माहीतच नव्हतं. आयुष्यभर ती तो धरत आली आणि मी कधी बघितलंच नव्हतं. कप ह्या हातातनं त्या हातात, चहा पँटवर.

आई उठून आत आली. पदराचं टोक पुढं केलं.

"पदर लागतो त्याला," म्हणाली.

तिच्या पदरात कप धरून मी तो चहा प्यालो. संपवला. कप ट्रेमध्ये ठेवला, फुलांच्या कपांच्या मधोमध, सरळ. दारात आई वळली आणि तिनं "जय भीम, ताई" म्हटलं. मालकीणबाईंचे हात आपोआप जोडले गेले. हातांना कळायला वेळ लागतो.

त्यानंतर मी तीन घरं घालवली. तोंड उघडलं की घर जायचं. आडनाव आता मी अर्धं सांगत नाही. स्कूटर थांबवली की आधी आम्ही कोण ते, मग पाण्याची चौकशी. दारात आई पुढं, मी मागं. दार लागलं तर तिच्या तोंडावर लागतं, हे मला कळतं. तिला विचारलं होतं. ती म्हणाली, मला सवय हाय, त्यांना करून दे.

चौथं घर मिळालं, पैठण रस्त्याला. बरं आहे, फार बरं नाही. पाणी टँकरचं. शाळेला दोन वळणं जास्त. आईची खिडकी पश्चिमेला, दुपारी खोली तापते. गल्लीतल्या दोन घरांनी अजून आमचा उंबरा ओलांडलेला नाही. त्यांनी नाही ओलांडला तरी आम्ही इथंच राहणार आहोत. गल्ली आमचीही आहे. पोरीला शिकवलंय, कुणी विचारलं तर सगळं नाव सांगायचं, खणखणीत, आणि आजीचं आधी. ह्या घरात एखाद्या कपाचा कान तुटला तर तो सगळ्यांदेखत फोडतो. बाहेर जाळीत काही ठेवायचं नाही. माझी पोरगी कुणाच्या दारात खाली वाकणार नाही, ना नाडी बांधायला, ना चप्पल.

फाटकाशेजारी मी काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली. वर आईचं नाव, पुरं, आडनावासकट. खाली जय भीम. मग आम्ही तिघं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी वाचता येईल एवढी अक्षरं. दोन माणसं लागली उचलायला. आई म्हातारपणी अक्षरं शिकलीय. बोट लावून लावून तिनं सगळी पाटी वाचली, स्वतःचं नाव दोनदा. मी बाजूला उभा, शाबासकीची वाट बघत.

आईनं पाटीवरची सिमेंटची धूळ पदरानं पुसली.

"चांगली केलीस," ती म्हणाली. "त्या दिवशी तोंडानं बोलला असतास तर एवढा दगड लागला नसता रं."