मिसरीच्या डबीतला सोडा

“आ कर.”

पायातली चप्पल निघायच्या आधी हा शब्द घरात यायचा. राम राम नाही, कसं काय नाही. आमच्या अवसरीच्या उपकेंद्रातली नर्सबाई. तुमच्याही गावात असेल अशी एखादी. लांबून दिसली की माणूस गोठ्यात शिरतो.

माझी नात चिमी सात वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. मुलगा-सून तिला पुण्याच्या दवाखान्यात औषध चढवून आणायचे. एरवी दोघं सकाळीच कामावर, म्हणून पोरीचं तोंड सांभाळायचं काम माझ्या गळ्यात. माझी म्हातारी, चिमीची आजी, जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

त्या औषधाने तोंड आतून सोलून निघतं. फोड आले की पोर खात नाही, पाणीसुद्धा गिळत नाही, ताप भरतो, पुढचं औषध लांबतं. आणि औषध लांबलं तर आजार डोकं वर काढतो. हे बाईने मला इतक्यांदा सांगितलं की एकदा मी म्हणालो, “बाई, मी बहिरा न्हाई.”

“बहिरं न्हाई, हट्टी हाय तुमी.”

ती चिमीला उंबऱ्यावर उन्हाकडे तोंड करून बसवायची. दोन्ही गाल, हिरड्या, जिभेखाली, सगळं बघायची. मग माझ्याकडे वळायची.

“चूळ किती येळा भरली काल?”

“दोन.”

“चार सांगितल्यात!”

उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा. दातांना मऊ ब्रश. ठेचा बंद, भाकरीचा कडक पापुद्रा बंद. मी मेंढरं राखलेला माणूस. कोकराचं तोंड आलं तर तुरटी लावून मोकळा व्हायचो. चुळा कोण मोजत बसणार?

एके दिवशी बाई बघता बघता थबकली. बोटाला ओला कपडा गुंडाळून तिने हिरडीवरून फिरवला. कपडा काळा.

“ह्ये काय?”

चिमीने माझ्याकडे बघितलं. मी गाईकडे बघितलं.

आमची म्हातारी मिसरी लावायची. तिची डबी कोनाड्यातच होती. चिमी लहानपणापासून सकाळी तिच्या शेजारी बसून नुसतं बोट दातांवरून फिरवायची. आजी गेल्यावर पोरीने डबी काढली आणि खरोखरच लावायला लागली. मला दिसत होतं. “आजीसारखं करते,” म्हणाली. नको म्हणायला जीभ उचलली नाही. तेवढा वेळ घरात म्हातारीचा वास यायचा.

“बाबा, जाळलेली तंबाकू हाय ही! त्यापरीस निखारा का न्हाई ठिवला पोरीच्या तोंडात?”

“तिच्या आजीची हाय.”

“आजीच्या हिरड्या अशा कवळ्या व्हत्या का?”

आणि डबी उचलून चालू लागली. मी गल्लीभर ओरडलो, “ठिव ती डबी! माझ्या बायकोची हाय!” तिने मागे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी उजव्या गालात आतून फोड आले. पोर पाण्याचा पेला लोटून द्यायची. पुण्याच्या डॉक्टरांनी औषध आठवडाभर पुढे ढकललं. बाई सकाळ-संध्याकाळ यायची, पण मला एक टोमणा मारला नाही. त्याचाच जास्त राग आला. शिव्या दिल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

पाचव्या दिवशी तिने डबी माझ्यापुढे ठेवली. राखेने घासून लख्ख केलेली. म्हातारीच्या हातातही कधी इतकी चमकली नव्हती. आत पांढरा सोडा.

“आजीचीच डबी हाय. आता आजीलाच चूळ भरवू द्या पोरीला.”

मी डबी परत कोनाड्यात ठेवली. त्या दिवसापासून चिमी आपणहून डबी काढायला लागली. गाल फुगवायची, खुळखुळ करायची, मोरीत थुंकायची आणि मला चार बोटं दाखवायची. फोड वाळले. औषध पुन्हा सुरू झालं.

यंदा बाईची बदली तळेघरला झाली. तिकडे एसटी कमी, डोंगर जास्त. कुठल्यातरी बांधावरून तणतणत चालत असेल. जायच्या दिवशी मला म्हणाली, “तुमी बी आ करा.” तीन दात उरलेत, काय बघायचंय त्यात? तरी बघितलंच.

नवीन बाई फार गोड. नमस्कार करते, चहा घेते, जाते. काय करायचंय त्या गोडीला!

चिमी मात्र अजून सकाळी उंबऱ्यावर उन्हाकडे तोंड करून, आ वासून बसते. मी चष्मा लावून वाकतो, डावा गाल बघतो, उजवा बघतो.

“चांगलं हाय,” म्हणतो.

“जिभेखाली कुठं बघितलं?” पोर डाफरते.

मी पुन्हा वाकतो.