पुन्हा मूठ वळली

रेडिएशन संपल्यावर दुसऱ्याच सोमवारी मी कामावर रुजू झाले. आमच्या क्वालिटी विभागानं केक आणला होता. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे गिअर बनतात आणि ते बरोबर बनलेत की नाही हे बघणाऱ्या विभागाची मी प्रमुख. ऑपरेशन, केमो, रेडिएशन असं सगळं पार पाडून मी परत आले होते, डोक्यावर बोटभर केस उगवले होते, आणि सगळ्यांच्या लेखी दुखणं संपलं होतं. माझ्याही लेखी संपलंच होतं. आता उरली होती ती रोजची एक गोळी आणि महिन्याचं एक इंजेक्शन.

डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. साठीच्या, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं की माझ्या स्तनातल्या गाठीला शरीरातलं इस्ट्रोजेन पोसत होतं, म्हणून आता ते इस्ट्रोजेनच तोडायचं. पाच वर्षं तरी. "पाळी जाईल. एरवी हळूहळू जाते, तुमची एकदम जाईल. त्रास होईल," त्या म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली होती. केमोतून बाहेर आलेल्या बाईला पाळी जाण्याची काय भीती, असं मला वाटलं होतं. मी त्रेचाळीस वर्षांची होते.

पहिली झळ आली ती मीटिंगमध्ये. एसी इतका गार होता की बाकीचे हात चोळत होते. मी पडद्यावरचा तक्ता समजावून सांगत होते आणि छातीतून काहीतरी वर चढलं, मानेवरून कानांपर्यंत, जणू कुणी भट्टीचं दार उघडलं. घाम हनुवटीवरून कागदावर पडला. समोरच्या तरुण इंजिनिअरनं नजर खाली वळवली. त्याच्या त्या सभ्यपणाचीच मला जास्त लाज वाटली. नंतर दिवसातून दहा-बारा वेळा तसं होऊ लागलं. शॉप फ्लोअरवर आम्हाला पॉलिएस्टरचा निळा कोट घालावा लागे. चेन्नईचा मे महिना, वरून पत्रा, अंगात तो कोट आणि आतून ही आग.

पण झळांचं मी कसंतरी निभावलं असतं. बोटांनी घात केला. त्या रोजच्या गोळीनं सांधे धरले, सकाळी उठल्यावर मूठ वळेना. जिना उतरताना गुडघे आजीबाईंसारखे कुरकुरत. एक दिवस लाइनवर एका मुलीला मोजमाप दाखवायला मी मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं यंत्र, हातात घेतला आणि मला तो फिरवता येईना. वीस वर्षं ते यंत्र माझ्या बोटांत आपोआप फिरत आलं होतं. मी "तूच कर" म्हणून तिच्या हातात दिलं आणि मागे वळून चालू लागले.

साताऱ्याहून बहिणीनं एक पावडर कुरिअर केली. "अगदी नैसर्गिक आहे, माझ्या मैत्रिणीची झळ पंधरा दिवसांत गेली." पाळी गेल्यावर बायकांना देतात त्या हार्मोनच्या गोळ्या मला चालणार नव्हत्या, एवढं मला माहीत होतं. ज्यानं गाठ वाढली तेच परत पोटात कसं घालायचं? पावडरीचा डबा मी कपाटात ठेवला. आणि मग एका सकाळी रोजची गोळीसुद्धा घेतली नाही.

ठरवून वगैरे नाही. स्वयंपाकघरात उभी होते, पाण्याचा पेला उचलताना मनगट दुखलं आणि गोळी मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नवऱ्याला दिसायला पट्टीतली रोज एकेक गोळी कमी होत होती. सहा आठवडे मी हे केलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बोटं सैल पडत गेली. मला खूप बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची तितकीच भीती वाटली. आंघोळ करताना मी रोज छातीच्या दोन्ही बाजू चाचपून बघायचे.

तपासणीचा दिवस आला. नवरा बरोबर होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नीट चालू आहेत ना?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, वजन विचारलं. मग माझा उजवा हात हातात घेतला. "मूठ वळा बघू."

मी वळली.

"मागच्या खेपेला ही वळत नव्हती," त्या म्हणाल्या. "आज वळतेय. कशानं?"

मी हात मागे घ्यायला गेले. त्यांनी हात सोडला नाही. शेवटी मीच सांगितलं, गोळी सोडून सहा आठवडे झाले म्हणून. शेजारी नवरा खुर्चीत जरा पुढे सरकला, तेवढंच.

मला वाटलं होतं, आता बोलणी बसणार. डॉक्टर म्हणाल्या, "गोळी सोडणारी तुम्ही पहिली नाही. पण मला न सांगता सोडलीत, तर मला काही करता येत नाही. त्रास सांगा, वाट काढणं माझं काम." मग त्यांनी कागद पुढे ओढला. त्याच जातीची पण दुसरी गोळी घेऊन बघायची, काहींना ती सोसते. झळांसाठी एक छोटी गोळी, मुळात नैराश्यावरची, हार्मोनशी तिचा संबंध नाही. हाडांची तपासणी. सांध्यांसाठी विश्रांती नव्हे, व्यायाम, आणि तोही वजनं उचलण्याचा. बहिणीच्या पावडरीच्या डब्याचा फोटो मी दाखवला, तो त्यांनी मोठा करून वाचला. "यातल्या दोन वनस्पती इस्ट्रोजेनसारख्या वागू शकतात. हे नको."

मग कागदावरची नजर न उचलता त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही दोघं? संबंध येतो तेव्हा दुखतं?"

आम्ही वर्षभर या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. तो पलंगाच्या एका कडेला, मी दुसऱ्या. मी "हो" म्हणाले. नवरा म्हणाला, "मला वाटलं, हिला मी आता नकोसा झालोय." डॉक्टरांच्या केबिनमध्ये, तिसऱ्या माणसासमोर, मला हे पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांनी बिनहार्मोनचं एक जेल लिहून दिलं, कसं आणि किती दिवस वापरायचं ते सर्दीचं औषध सांगावं तितक्या सहज सांगितलं.

घरी परतताना गिंडीच्या सिग्नलला गाडी बराच वेळ अडकली होती. तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

त्यानं विचार केला. "रोज समोर उभं राहून गोळी घ्यायला लावली असती."

"म्हणून नाही सांगितलं."

सिग्नल सुटला. गाडी पुढे काढत तो म्हणाला, "बरं. समोर उभा नाही राहणार. पण सांगत जा."

तांबरमला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक फिजिओथेरपिस्ट मुलगी सापडली. माझं आडनाव वाचून तिनं एकदम मराठीत सुरुवात केली. तिचं घराणं तंजावरचं. तिची मराठी जुनी, तमिळ हेलाची, मधेच तमिळ शब्द मिसळणारी. माझी मराठी तिला टीव्हीवरच्या बातम्यांसारखी वाटते, असं ती म्हणाली. पण व्यायामाच्या बाबतीत ती कडक होती. पहिल्या दिवशी दोन किलोचा डंबेल उचलून मी रडकुंडीला आले. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, एक किलोचा दिला आणि म्हणाली, "हा. आणि परवा पुन्हा या." मी परवा गेले. आठवड्यातून तीनदा जात राहिले. नव्या गोळीनंही सांधे धरले, पण आधीइतके नाही, आणि व्यायामाच्या दिवशी ते हमखास मोकळे होत. झळा महिन्याभरात निम्म्यावर आल्या. पूर्ण गेल्या नाहीत. चार महिन्यांनी मी दहा किलोची केटलबेल, कडी असलेलं लोखंडी वजन, जमिनीवरून उचलली. मुलगी मोबाइलवर वेळ बघत होती, तिनं नुसतं "हं, अजून पाच" म्हटलं. मी पाच केले.

कोटाचं प्रकरण यानंतरचं. लाइनवरच्या पर्यवेक्षक अक्का माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. एकदा मला झळ आली तेव्हा त्यांनी न विचारता मला मोठ्या पंख्याजवळ नेलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "मॅडम, मला दोन वर्षं होतंय हे. लाइनवर अजून सहाजणींना होतंय. आम्ही बाथरूममध्ये जाऊन कोट काढतो, दोन मिनिटं थांबतो, परत घालतो."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"काय म्हणून सांगायचं?"

मी घरी जाऊन विचार केला. आमच्या कारखान्यात दोष सापडला की त्याचा एक ठरलेला कागद भरतात: दोष काय, कारण काय, उपाय काय. मी तोच कागद भरला. दोष: उकाड्यामुळे कामगार मशीन सोडून जातात. कारण: कोटाचं कापड. उपाय: घट्ट विणीचा सुती कोट, धागे न सुटणारा, लाइनशेजारी पंखे. प्लांट हेडसमोर तो ठेवला. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे अचानक कुठून?"

"मला कॅन्सरच्या औषधांनी मेनोपॉज आलाय सर," मी म्हणाले. "आणि लाइनवरच्या सातजणींना वयानं. आम्ही सगळ्या त्या कोटात भाजून निघतोय."

त्या खोलीत हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सेफ्टी विभागाकडून कापड तपासून घ्या," ते म्हणाले आणि सही केली. दोन महिन्यांनी कोट आले, आणि पुरुषांनीही मागून घेतले.

त्याच वर्षी आमच्या सर्वात मोठ्या ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. आलेले परीक्षक उंच, फार न बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी ट्रेमधून एक गिअर उचलला आणि म्हणाले, "इथेच मोजून दाखवा." अक्का मायक्रोमीटर घेऊन पुढे येत होत्या. मी हात पुढे केला. बोटांनी काम केलं. पहिलं माप, दुसरं माप. तिसऱ्याच्या वेळी छातीतून झळ निघाली.

पूर्वी मी अशा वेळी सगळं दडपून बोलत राहायचे आणि वाक्यं चुकायची. या वेळी मी यंत्र खाली ठेवलं. "मला दोन मिनिटं लागतील," मी सांगितलं, पंख्यासमोर जाऊन उभी राहिले, हळू श्वास सोडला, अक्कांनी दिलेलं पाणी प्यायले. परीक्षक वाट बघत होते. आभाळ काही कोसळलं नाही. मी परत आले, घाम पुसला, तिसरं माप घेतलं. तिन्ही एकमेकांशी जुळली. संध्याकाळी निकाल लागला, एकही मोठी चूक नाही. अक्कांनी सगळ्या लाइनला फिल्टर कॉफी पाजली आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी एक पाऊल पुढे गेले.

गोळी आता तिसऱ्या वर्षात आहे. त्या सहा आठवड्यांनंतर एकदाही चुकलेली नाही. हाडांचा रिपोर्ट चांगला आला, आणि गेल्या महिन्यातल्या तपासणीतही काही सापडलं नाही.

त्या तपासणीच्या दिवशी डॉक्टर मला बाहेर घेऊन आल्या. बाकावर तिशी-पस्तिशीची एक बाई बसली होती, डोक्याला रुमाल, मांडीवर गोळीची नवी पट्टी. "यांच्याशी पाच मिनिटं बोलाल?" डॉक्टरांनी विचारलं. मी तिच्या शेजारी बसले. तिनं आधी माझ्या केसांकडे बघितलं, मग विचारलं, "झळ आली की तुम्ही काय करता?"

"बाजूला होते, पाणी पिते," मी म्हणाले, "आणि जे करत होते ते पुढे करते."

ती जरा हसली आणि पर्समधून वही काढून आणखी प्रश्न विचारू लागली. तिनं बरेच लिहून आणले होते. आम्ही पाऊण तास बसलो.