कोऱ्या पानावरची सही

शेजारच्या करुणाला कुठल्याशा फाउंडेशननं नवी स्कूटी दिली, अशी बातमी आमच्या पडेगावात पसरली. पसरवण्यात माझाही थोडा हातभार होता, नाकारत नाही. मग कळलं, स्कूटी तिच्या भावाची, दोन दिवस दारात उभी होती इतकंच. माझा हिरमोड झाला. पण फाउंडेशनला हवी होती ती सही मात्र तिनं खरंच केली होती.

करुणा उस्मानपुऱ्यात कापडाच्या दुकानात कामाला, आणि आमच्या गल्लीतल्या सरकारी शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष. समितीची रीत जुनी: आधी चहा, मग रजिस्टरच्या कोऱ्या पानाखाली सगळ्यांच्या सह्या, आणि वरचा ठराव हेडमास्तर नंतर निवांत लिहिणार. यावेळी त्यांनी लिहिलं, ही शाळा बंद करून पोरं उस्मानपुऱ्याच्या मॉडेल शाळेत पाठवायला समिती राजी आहे. मॉडेल शाळा फाउंडेशनच्या शेठनं बांधलेली. छोट्या शाळा बंद करायची योजनाही त्याच्याच माणसांनी सरकारला लिहून दिलेली. ठरावाची नक्कल शाळेच्या फाटकावर चिकटली, तेव्हा अध्यक्षबाईंना कळलं आपण कशाला राजी आहोत.

तेव्हापासून बाईला चैन नाही. कुकर लावते, शिट्ट्या मोजत नाही. फाटकापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. तिची धाकटी दुसरीत. एवढीशी पोर ट्रकांच्या रस्त्यानं रोज सात किलोमीटर जाणार कशी? आणि सही आईचीच. मी विचारलं, "अध्यक्षबाई, सही करताना चहात साखर जास्त होती का?" तिनं असं पाहिलं, की मी गुपचूप घरात आलो.

शनिवारी तिनं दुकानात खाडा केला, एकोणीस पालक शाळेत गोळा केले, रजिस्टरमधल्या ठरावावर आडव्या रेघा मारल्या आणि खाली लिहिलं, 'हा सभेत वाचलाच नव्हता.' मग सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्यानंतरच सह्या घेतल्या. हेडमास्तर पंख्याकडं बघत बसले. फाउंडेशनकडून आलेले ऋतुराजसाहेब मात्र गोड बोलले: शेठला स्वार्थ नाही, तुमच्याच लेकरांसाठी कोट्यवधी दिले, एवढं देणाऱ्याच्या शब्दाला काही वजन नको का?

करुणा म्हणाली, "सांगू द्या की त्यांना, आम्ही ऐकतो. पण ठरवणार ते, आन् चुकलं तर? नगरसेवक चुकला तर आम्ही त्याला पाडतो. तुमच्या शेठला पाडायला कोणतं बटण दाबायचं, तेवढं सांगा."