‘काळी खाण’चे उलटेसुलटे रिव्ह्यू

“इतका संथ शूटिंग गेम मी आजवर पाहिला नाही. आजीला भेट द्यायला चांगला.”

त्याच्या बरोबर खाली, त्याच सकाळचा दुसरा रिव्ह्यू होता. “हा गेम माणसांसाठी नाही. पापणी लवायच्या आत मेलो.”

मी दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवले. अनिकेतनं खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“मॅडम, हे दोघं एकच गेम खेळून राहिले ना?”

“एकच. दोघांकडे व्हर्जनही तेच आहे.”

“मग एक जण झोपून राहिला अन् दुसरा मरून राहिला, हे कसं काय?”

 याचं उत्तर शोधणं हेच माझं काम होतं. मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून त्यात कुठे काय बिघडतं ते शोधायचं. आधी बँकांच्या सॉफ्टवेअरवर हे काम बरीच वर्षं केलं. मग अनिकेतच्या स्टुडिओत आले. स्टुडिओ म्हणजे नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि आम्ही चौघं. मी सगळ्यांत मोठी, म्हणून मॅडम. अनिकेत मालक आणि मुख्य प्रोग्रॅमर.

आमच्या गेमचं नाव ‘काळी खाण’. अनिकेत रामटेककडचा. तिथल्या मँगनीजच्या खाणींच्या गोष्टी ऐकत मोठा झालेला. गेममध्ये एक खाणकामगार बंदूक घेऊन बंद पडलेल्या खाणीत उतरतो आणि वटवाघळं, विंचू मारत तळापर्यंत जातो. चित्रं पिक्सेल-आर्टची, म्हणजे भरतकामाच्या जाळीसारखी, छोट्या चौकोनांतून काढलेली. आणि प्रकार रोगलाइक. म्हणजे तुम्ही मेलात की सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि खाणीतले रस्तेही दर वेळी नवे.

असा गेम कठीण असणार हे लोकांना माहीत असतं. पण आमच्या रिव्ह्यूंमध्ये कठीण-सोपं असा वाद नव्हता. लोक जणू दोन वेगळ्या गावांचं वर्णन करत होते. एक म्हणे, वटवाघूळ येईपर्यंत चहा पिऊन होतो. दुसरा म्हणे, वटवाघूळ दिसतच नाही, फक्त आपण मेलेलो दिसतो. स्टोअरच्या पानावर आमच्या नावापुढे ‘मिक्स्ड’, म्हणजे संमिश्र, असा शिक्का लागला होता. आणि एक परदेशी कंपनी हा गेम टीव्हीला जोडायच्या मशीनवर आणायला तयार होती, पण त्यांची अट साफ होती. आधी हा शिक्का काढा, मग बोलू.

आम्ही आधी वटवाघळं थोडी हळू केली. संथ म्हणणारे जास्त चिडले. मग ती जलद केली. अशक्य म्हणणारे पैसे परत मागू लागले. मी रिव्ह्यू देशांप्रमाणे लावून पाहिले, वयाप्रमाणे लावून पाहिले, कीबोर्डवर खेळणारे आणि रिमोटवर खेळणारे वेगळे काढले. काही हाती लागेना. आमच्याकडच्या सगळ्या कॉम्प्युटरवर गेम अगदी हवा तसा चालत होता. न फार सोपा, न फार कठीण.

“लोकांना समजत नाही, दुसरं काय,” अनिकेत म्हणाला.

“दोन्ही बाजूच्या लोकांना?”

त्यानं खुर्ची परत आपल्या स्क्रीनकडे फिरवली.

अशात एक रिव्ह्यू आला, मराठीत. आमच्या गेमला आलेला तो पहिला मराठी रिव्ह्यू. “निवांत गेम हाये. विचार कराले वेळ भेटते. लकव्यानं गेलेला माहा हात या गेमनं परत आणला. पाच तारे. कळमना, नागपूर.”

मी तो तीनदा वाचला. आमच्या गेमला खूप शिव्या बसल्या होत्या, पण निवांत कोणी म्हटलं नव्हतं. मी खाली उत्तर लिहिलं, की आम्ही नागपूरचेच आहोत, तुम्हाला खेळताना पाहता येईल का. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला.

“मी पल्लवी. तो रिव्ह्यू माझ्या बाबांचा आहे. दुपारी या, हर्रास आटोपली की ते मोकळे असतात.”

हर्रास म्हणजे लिलाव. कळमन्याच्या धान्यबाजारात सकाळी शेतमालाची हर्रास होते आणि दुपारी बाजार थोडा दम खातो. मी गेले तेव्हा गाळ्यात तुरीच्या पोत्यांची थप्पी होती आणि मागच्या बाजूला काचेच्या केबिनमध्ये वसंतराव बसले होते. धान्याचे अडते, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारे. साठीच्या जवळपासचे, अंगानं भरलेले. उजवा हात टेबलावर ठेवलेला.

“बसा नं मॅडम. तुम्हीच बनवला का हा गेम?”

“मी बनवला नाही. मी चुका शोधते.”

“मंग तुमच्यासाठी कामच नाई. यात चूक नाई.”

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला होता. बोलणं आणि पाय परत आले, पण उजवा हात मागे राहिला. हर्रासीला आता पल्लवी उभी राहत होती. डॉक्टरांनी बोटं हलवत राहा म्हटलं, म्हणून तिनं बिलाच्या कॉम्प्युटरवर दोन-चार गेम टाकून दिले होते.

“बाकीच्या गेममंदी मी सुरू व्हायच्या आधीच मरतो,” वसंतराव म्हणाले. “पोट्टे हसत मायावर. मंग हा भेटला. पह्यले पह्यले यातही मरो. आता पाहा तुम्ही.”

त्यांनी गेम सुरू केला. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर. आणि ते खरंच चांगलं खेळत होते. पहिली पातळी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या पातळीवर माझी स्वतःची दांडी नेहमी उडते. ते तिथं आरामात, तोंडानं पुटपुटत, एकेक विंचू टिपत होते. मला काहीच समजेना. हात सावकाशच फिरत होता. विंचवानं उडवलेली विषाची गोळी त्यांच्याकडे येताना दिसायची, हात निघायचा, आणि तरीही ते वेळेत बाजूला व्हायचे.

मी स्क्रीनकडे पाहणं थांबवलं आणि नुसतं ऐकू लागले. गेमच्या मागे डफ वाजतो. मी तो इतक्या वेळा ऐकला आहे की घरी पोळ्या लाटतानाही तो डोक्यात चालू असतो. त्या डफाच्या प्रत्येक थापेला वटवाघूळ एकदा पंख मारतं. आम्ही तसं मुद्दाम बसवलं होतं. वसंतरावांच्या कॉम्प्युटरवर डफ बरोबर वाजत होता. पण वटवाघूळ दोन थापा झाल्या की एकदा पंख मारत होतं.

“काय झालं मॅडम? गप्प काहून झाल्या?”

“काही नाही. तुम्ही खेळा.”

ते तळापर्यंत पोचले. पल्लवी दारात उभी राहून पाहत होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, “झाली नं परीक्षा? डाक्टर म्हणे, हात एवढा येनार नाई. आला का नाई? सोमवारपासून मी स्कूटर काढतो.”

पल्लवी मला बाहेरपर्यंत सोडायला आली. “किल्ली मी लपवून ठेवली आहे,” ती म्हणाली. “पण हा गेम दाखवला की मला बोलताच येत नाही. दिसतंय ना डोळ्यांसमोर, हात चालतोय.”

मी तिला तिथंच काही सांगितलं नाही. मला शंका होती, खात्री नव्हती.

ऑफिसला येऊन मी अनिकेतला फक्त डफाचं आणि पंखांचं सांगितलं. “जुन्या मशीनवर हळू चालतो, तर महागड्या मशीनवर?” तो म्हणाला. मग उठला. आम्ही धरमपेठेतल्या एका गेमिंग कॅफेत गेलो. तिथं गेमसाठीच बनवलेल्या महागड्या स्क्रीन असतात. आमचा गेम लावला आणि वटवाघूळ माशीसारखं सूं करून गेलं. अनिकेत, ज्यानं हा गेम लिहिला तो, पहिल्याच खोलीत मेला. पुन्हा सुरू केला. पुन्हा मेला.

“हे मी नाही बनवलं,” तो म्हणाला.

पण बनवलं होतं त्यानंच. सोपं करून सांगते. स्क्रीनवरचं चित्र हलत नसतं. सेकंदाला अनेक चित्रं एकामागून एक दाखवली जातात, सिनेमासारखी. आमच्या ऑफिसातल्या स्क्रीन सेकंदाला साठ चित्रं दाखवतात. अनिकेतनं लिहिलं होतं, दर चित्राला वटवाघूळ एक पाऊल पुढे. साठ चित्रं, साठ पावलं. आमच्याकडे बरोबर. पण महागडी स्क्रीन सेकंदाला शंभराहून जास्त चित्रं दाखवते, मग वटवाघूळ तेवढी पावलं टाकतं. आणि जुन्या कॉम्प्युटरला खाणीतला बॅटरीचा उजेड रंगवताना दम लागतो. तो जेमतेम तीस चित्रं काढतो, म्हणून वटवाघूळ निम्म्या चालीनं येतं. डफ मात्र घड्याळाप्रमाणे वाजतो. त्यामुळे तो सगळीकडे सारखा.

म्हणजे संथ म्हणणारे खरं बोलत होते. अशक्य म्हणणारेही खरं बोलत होते. आणि आम्ही कोणाचंही ऐकून वटवाघळांना पुढे-मागे ओढत बसलो होतो.

दुरुस्ती अवघड नव्हती. चाल चित्रांवर न बांधता घड्याळावर बांधायची. अनिकेतनं ती करून टाकली आणि लगेच अपडेट सोडायला निघाला.

“थांब,” मी म्हटलं. “कळमन्याच्या त्या माणसाचा गेम एका रात्रीत दुप्पट जलद होईल. त्याला वाटेल, हात पुन्हा गेला.”

“मॅडम, एका माणसासाठी?”

“आधी मला त्याला सांगू दे. मग सोड.”

त्यानं एक दिवस दिला. मला वाटलं होतं, सांगणं सोपं जाईल. वाटेत मी तीन प्रकारे वाक्य जुळवलं आणि तिन्ही टाकून दिली. शेवटी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “वसंतरावजी, हा तोच गेम आहे, पण आम्ही बनवला त्या चालीनं चालणारा. तुमचं मशीन जुनं आहे, त्यावर तो हळू चालतो. चूक आमची आहे. एकदा खेळून बघा.”

ते खेळले. पहिल्या खोलीत मेले. पुन्हा खेळले, पुन्हा मेले. हात निघायचा आणि गोळी आधीच लागलेली असायची. पल्लवी पोत्यांकडे बघत उभी होती. वसंतरावांनी माऊस बाजूला सरकवला. उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला, जणू दुसऱ्याचाच आहे.

“मंग हात आला का नाई आला?”

मी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. 

“सांगा नं. तुम्ही चुका शोधता नं?”

“गेममधल्या शोधते. हाताचं मला कळत नाही. पण सुरुवातीला तुम्ही याच मशीनवर मरत होतात, आणि नंतर तळाला पोचलात. मशीन तेव्हाही हळूच होतं.”

त्यांनी मान वर केली. “म्हंजे काईतरी आलं.”

“काहीतरी आलं. किती, ते मला सांगता येणार नाही.”

“मंग कोन सांगन?”

“डॉक्टर,” पल्लवी म्हणाली. 

ते चिडले. “तुम्ही काहून आल्या वं मॅडम? मी आपला निवांत खेळून राहिलो होतो.”  मी लॅपटॉप बंद केला आणि निघाले. परतताना मला समजत नव्हतं की मी चांगलं केलं की कोणाच्या घरात जाऊन दिवा विझवला.

ऑफिसात आल्यावर मी अनिकेतला एकच गोष्ट मागितली. चाल दुरुस्त कर, पण खेळणाऱ्याला ती कमी-जास्त करता आली पाहिजे. सेटिंगमध्ये एक सरकवायची पट्टी दे. तो आधी कुरकुरला. रोगलाइक खेळणारे अशा पट्टीला पळवाट म्हणतात. मग त्यानं ती केली, आणि अपडेट गेला.

अशक्य म्हणणारे खूश झाले. पण ज्यांना गेम निवांत आवडत होता, असे बरेच निघाले. जुन्या लॅपटॉपवर खेळणारे, आम्हाला कधी दिसलेच नव्हते ते. त्यांनी लिहिलं, चांगला गेम बिघडवला. मी प्रत्येकाला पट्टी कुठे आहे ते सांगत बसले. शिक्का बरेच दिवस तसाच राहिला. मग हळूहळू एक पायरी वर सरकला. परदेशी कंपनीनं विचारलं, नेमकं काय बदललं? अनिकेत म्हणाला, “काही नाही, सगळ्यांना एकच गेम दिला.” त्यांना ते कळलं नाही, पण करार झाला.

पल्लवीचा फोन आला. बाबा फिजिओथेरपीला जाऊन आले. पकड बरीच सुधारली आहे, वेग सुधारलेला नाही. डॉक्टरांनी स्कूटरला साफ नाही म्हटलं. ती लपवलेली किल्ली त्यांनी स्वतः मागून घेतली आणि तिच्या हातात दिली, की आता तूच चालव. गेम मात्र चालू आहे. पट्टी अर्ध्यावर ठेवून सुरुवात केली होती, आता थोडी थोडी पुढे सरकवतात.

त्याच आठवड्यात त्यांचा रिव्ह्यू बदललेला दिसला. “गेम चांगला हाये पण आता लय कठीन केला. गेम खरं बोलते. दोन तारे.”

अनिकेत स्क्रीनकडे बघतच राहिला. “मॅडम, आपण पट्टी त्यांच्यासाठी बनवली. पाचाचे दोन केले त्यांनी?”

“त्यांचं मत आहे.”

“पण हे बरोबर आहे का?”

मी तो रिव्ह्यू पुन्हा वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेव्हापासून एवढंच करते, की उलटसुलट मतं आली तर कोण चुकतंय हे शोधत बसत नाही. आधी विचारते, तुमचं मशीन कोणतं?