लाल होईपर्यंत

आप्पांचं बूड स्टुलाला नीट टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. शिरूरच्या आमच्या कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. दौंडहून रोज एसटीने येत आणि आल्यापासून साडेचारच्या परतीच्या गाडीत त्यांचा अर्धा जीव अडकलेला असे. "म्याडम, झालं का? उतरवू का?" हे दिवसातून वीस वेळा. मी चिडायचे.

माझं पीएचडीचं काम घाईचं नव्हतंच. जांभळा दिवा दाखवला की चमकणारे अतिसूक्ष्म कण मी तयार करत होते. ते पेशींना चिकटवायचे आणि त्या उजेडावर रोगट पेशी ओळखायच्या, असा बेत. मिश्रण उकळत ठेवलं की कण वाढत जातात, रंग हिरव्याकडून लालकडे सरकतो. लाल व्हायला अख्खा दिवस जाई. आप्पा तासातासाला थेंब काढून नोटा तपासायच्या दिव्याखाली धरत. "हिरवा झकास चमकतोय की! आन् काय पायजे?"

पुण्याच्या सूक्ष्मदर्शकावर आमची पाळी तीन महिन्यांनी आली. आदल्या दिवशी मला परीक्षेचं सुपरव्हिजन होतं, आणि आप्पांनी गाडीच्या वेळेला चंबू उतरवून ठेवला. पुण्यात हिरवंच हिरवं दिसलं. पेशींना स्वतःचीच फिकट हिरवी चमक असते, तिच्यात आमचे कण हरवले. पीएचडी हातची जाते की काय, या धास्तीने परत आल्यावर मी सगळ्यांसमोर आप्पांना वाट्टेल ते बोलले. "चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशीही सुपरव्हिजन होतंच. सहाला धावत लॅबमध्ये आले, तर आप्पा चंबूपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. गाडी कधीच गेली होती. थोड्या वेळाने थेंब निखाऱ्यासारखा लाल दिसला आणि ते पिशवी उचलून पळतच सुटले.

या वेळी फोटोत लाल ठिपके लख्ख उमटले. आप्पा रजेवर होते, म्हणून फोटो घेऊन मी दौंडला गेले. रेल्वे लाइनीजवळ दोन खोल्या. खाटेवर आप्पांची बायको, काकी, पायाला प्लास्टर. अर्धांगवायूमुळे त्यांना एकटीने उठता येत नसे. शेजारीण सहापर्यंत थांबे, मग आप्पा येत. त्या संध्याकाळी वाट बघून काकी एकट्याच उठायला गेल्या होत्या.

"आप्पा, सांगायचं तरी!" मला रडू आवरेना.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी धाडलं असतं. मंग चंबू कुणी बघितला असता?" त्यांनी फोटो काकींपुढे धरला. "बघ गं, ह्यो लाल. आपला हाय."

काकींनी बराच वेळ पाहिलं. "एवढ्यासाठी व्हय?" म्हणाल्या, आणि फोटो उशाशी ठेवून घेतला.

आज दोघंही नाहीत. माझ्या लॅबमध्ये कण अजून सावकाशच लाल होतात. साडेचार वाजले की मदतनिसाला मी घरी पाठवते आणि चंबूसमोर स्वतः बसते.