उत्तराची वाट पाहणारी खोली

भालेराव सर पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आले तेव्हा खोलीच्या मधोमध नुसते उभे राहिले. माणूस हलला की दिवे आणि आवाज बदलावेत, अशी त्या खोलीची रचना मी केली होती. सर हललेच नाहीत. खोली अंधारीच राहिली.

“मी कोण आहे इथं?” अंधारातून त्यांनी विचारलं.

“प्रेक्षक.”

“प्रेक्षक खुर्चीत बसतो. तू मला आत उभं केलंस, म्हंजे मी पात्र झालो. पात्राला कायतरी पाहिजे असतं. मला काय पाहिजे?”

उभी हयात नाटक शिकवलेला हा माणूस त्यानंतर माझ्याबरोबर काम करू लागला.

पडेगावच्या एका रिकाम्या सरकीच्या गोदामात आम्ही खोली उभारली. वाढलेलं ताट, पाण्याचा तांब्या, समोर बंद दार. ताटावर कुणी बसलं की दाराच्या फटीतून उजेड यायचा आणि पलीकडून सरांचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणायचा, “किती उशीर! मी थांबलोय ना जेवायचा.” मग शांतता. बसलेला माणूस काही बोलून थांबला की तोच आवाज हळूच विचारायचा, “हं. मग?”

त्या शांततेवर सरांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. “बोलणं सोप्पंय,” ते म्हणायचे. “थांबणं लई अवघड.”

बहुतेक लोक दचकत, हसत, निघून जात. हर्सूलच्या शिंदेबाई मात्र बोलत बसल्या. वर्षभरापूर्वी त्यांचे यजमान वारले होते. त्या पुन्हा आल्या, मग रोज येऊ लागल्या. पुढं घरून डबाही आणू लागल्या, दोघांचा.

मी खूश होतो. सरांचा चेहरा उतरला.

“खेळ संपला म्हणून पाडायला आपण पडदाच ठेवला नाय रे,” ते म्हणाले. “ही बाई बाहेर कशी यायची?”

“त्यांना बरं वाटतंय, सर.”

“म्हणून तर भीती वाटते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि स्वतः माइक घेऊन दारामागं बसले. बाई आल्या, बसल्या, बोलल्या. सरांनी त्यांचं बोलणं पुरतं संपू दिलं. मग म्हणाले, “माझं जेवण झालं. तू पोटभर जेव, अन् घरी जा.”

बाई जेवल्या. हात धुऊन बाहेर आल्या, तर समोर सर माइक घेऊन उभे.

“आज तुम्ही बोलत होता, व्हय ना?” बाई म्हणाल्या. “रोजचा आवाज तुमचा नव्हता.”

तोही सरांचाच होता, हे मी सांगणार इतक्यात सरांनी माझा हात दाबला. शिंदेबाई पुन्हा कधी आल्या नाहीत.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात सर वारले. त्यामुळं त्याआधी आम्ही ती खोली मोडली तो दिवस आमच्या सोबतच्या कामाचा शेवटचा ठरला. त्या सकाळी मेन स्विच मीच बंद केला होता. सर दारामागं गेले आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मधेच ते थांबत, “व्हय, व्हय” म्हणत, पुन्हा बोलत.

बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं भिजला होता.

“कुणाशी बोलत होता, सर?”

“रोज बाईसाठी जेवायचा थांबायचा ना, त्याला सांगून आलो,” सर म्हणाले, “ती नीट घरी पोचली म्हणून. लई काळजीत होता.”