शेंडेनक्षत्राखालचा ग्रुप फोटो

विमलताई समोरच्याला नमस्कार करायच्या आधी त्याची हनुवटी नीट करत. माणूस पासपोर्ट फोटोला आलेला असो की नुसते सुट्टे मागायला, त्यांची दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली जात, मान किंचित डावीकडे वळे, आणि मग त्या म्हणत, "हां. आता बोला जी." दिग्रसला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला खेटून माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे माझी हनुवटी रोज सकाळी नीट व्हायची. बदलून आलेल्या एका मोठ्या साहेबांचीही त्यांनी पहिल्याच भेटीत केली. साहेब बावचळले, पण फोटो असा काही आला की पुढे गावात असेपर्यंत त्यांनी दुसरा काढला नाही.

स्टुडिओ मूळचा त्यांच्या यजमानांचा. ते लग्नाचे फोटो काढत आणि ताई आतल्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली धुवत. यजमान अचानक गेले आणि ताईंनी कॅमेरा गळ्यात अडकवला. गावाने पासपोर्ट फोटोला हरकत घेतली नाही, शाळेच्या ग्रुप फोटोलाही नाही. लग्नाच्या ऑर्डरी मात्र एकेक करून बंद झाल्या. तोंडावर कोणी काही म्हणत नसे. "यंदा पाहुण्यातलाच पोट्टा फोटो काढून राह्यला," एवढंच सांगत. हळदीच्या मांडवात विधवा बाई कॅमेरा घेऊन नवरीपुढे उभी राहणार, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मला त्या लोकांचा संताप येई, आणि तो अजूनही उतरलेला नाही.

ताई संतापल्या नाहीत. शोकेसमध्ये यजमानांनी काढलेला एका नवरीचा मोठा फोटो होता, तो त्यांनी काढून घेतला आणि चौकट तशीच रिकामी टांगून ठेवली. कोणी विचारलं की म्हणत, "जागा धरून ठेवली. ज्याच्यासाठी हाय तो येईन." येणारे-जाणारे त्या रिकाम्या चौकटीकडे बघत आणि ओशाळून पुढे जात. ताईंना तेच हवं असावं.

आभाळाचा नाद आम्हाला शकीलभाईंमुळे लागला. ते मोटार वाइंडिंगचं काम करत आणि त्यांनी हौसेने एक दुर्बीण जमवली होती. अंधाऱ्या पक्षात आम्ही तिघं दोन स्कूटरवर गावाबाहेरच्या माळावर जायचो. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने लगेच बिघडतात, म्हणून बॅटऱ्यांना लाल जिलेटिन कागद बांधलेला असे. ही युक्ती ताईंना शिकवावी लागली नाही. "माहं अर्धं आयुष्य लाल दिव्यात गेलं बापू," त्या मला म्हणत. "लाल उजेडात चित्र उमटते. पांढऱ्यात जळून जाते."

मग त्या वर्षी गणपती गेल्यावर बातमी आली की पहाटे पूर्वेला धूमकेतू दिसणार. आमच्याकडे जुनी माणसं त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात आणि ते पाहू नये म्हणतात. शेजारच्या किराणा दुकानातल्या काकू मुद्दाम सांगायला आल्या. "नका जाऊ विमल. अशुभ असते ते. त्यात तुमी..." असं म्हणून त्या थांबल्या.

"त्यात मी काय? पुरं बोला ना काकू."

काकू पदर सावरत आपल्या दुकानाकडे बघू लागल्या.

"मले अन् त्याले गावात एकच शिवी हाय," ताई म्हणाल्या. "म्हंजे तो माह्या माहेरचाच झाला. भेटाले जानंच लागते." आणि त्यांनी ठरवून टाकलं की शोकेसमधली ती चौकट आता भरायची, आणि त्यात धूमकेतूच लावायचा. ऐन बाजाराच्या रस्त्यावर, येणाऱ्या लग्नसराईत, सगळ्यांच्या नाकासमोर.

पण आभाळ मोकळं होईना. परतीचा पाऊस रेंगाळला होता. रोज पहाटे आम्ही जायचो आणि ढगांचं दर्शन घेऊन परत यायचो. धूमकेतू दिवसेंदिवस सूर्याकडे सरकत होता. आणखी एखाद-दोन पहाटा आणि तो उजेडात बुडाला असता. आमच्या जन्मात तो पुन्हा येणार नव्हता. शेवटी एका पहाटे घराबाहेर आलो तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. ताई कॅमेरा पोटाशी धरून स्कूटरवर मागे बसल्या.

आता त्या पहाटे आम्ही माळावर कसे दिसत असू, ते डोळ्यांसमोर आणा. काळ्या मातीत स्कूटरची चाकं रुततात म्हणून शकीलभाईंनी फावडं आणलेलं. तीन माणसं, लाल उजेड. आणि कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड आम्हाला त्रास देऊ नये म्हणून ताईंनी डोक्यावरून घेतलेलं काळं फडकं. खालच्या शेतांत सोयाबीन काढणीला आलं होतं आणि रानडुकरांच्या भीतीने माणसं जागलीला होती. त्यांना वर माळावर काय दिसलं असेल? गुप्तधन उकरायला आलेली टोळी, आणि मधोमध काळं पांघरून मंत्र म्हणणारी बाई. आमच्या कोणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं.

धूमकेतू नुकताच झाडांच्या वर आला होता. ताई पहिला फोटो घेत होत्या, तोच पाच-सहा पांढऱ्या बॅटऱ्या आमच्यावर पडल्या. फोटो गेला. कांबळी पांघरलेली माणसं काठ्या घेऊन चढून येत होती.

"कोण हाय रे तठी? हालू नका."

"तुमीच हालू नका," फडक्याखालून ताई म्हणाल्या. "अन् त्या बॅटऱ्या बंद करा आधी."

पुढचा माणूस थबकला. पुढे ओळख झाली तेव्हा त्यांचं नाव देवराव असल्याचं कळलं. "फावडं कायले आणलं? गुप्तधन काढून राह्यले का?"

"चिखल हाय ना भाऊ," शकीलभाई म्हणाले. "गाडी फसते."

ते कोणालाच पटलं नाही. काठ्यांचं कडं आवळत चाललं. पूर्वेला फटफटायला फार वेळ नव्हता. मी ताईंच्या कानाशी लागलो. "ताई, सांगून टाका. तिकडे शेंडेनक्षत्र हाय अन् तुमचं कपाळ पांढरं हाय म्हना. पळतीन सारे. मंग निवांत फोटो काढा."

त्यांनी फडकं बाजूला केलं. "ज्या शिवीनं मले मांडवातून हाकललं, त्या शिवीनं मी कोणाले हाकलनार नाही बापू. फोटो गेला तं जाऊ दे."

मग त्या सरळ देवरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मारनं असन तं मारा, अंधारातबी मारता येते. पन बॅटऱ्या बंद करा, अन् एकडाव तिकडे पाहा."

बॅटऱ्या एकेक करून बंद झाल्या. कशा, ते मला आजही सांगता येत नाही. डोळे हळूहळू अंधाराला सरावले. मग झाडांच्या वर तो दिसला: खाली लहानसा उजळ ठिपका, आणि त्यातून वर गेलेली शेपूट, बोंडातून बोटांनी ओढलेल्या कापसासारखी. "अरे बाप्पा," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. देवरावांची काठी खाली आली.

"ताई, जल्दी," शकीलभाई म्हणाले. पूर्व फिकट व्हायला लागली होती. एकच फोटो निघाला असता, आणि नेमकी ती सगळी माणसं कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभी. मला वाटलं, ताई त्यांना बाजूला व्हायला सांगतील. त्यांनी एक क्षण बघितलं आणि त्यांच्यातली ग्रुप फोटोवाली बाई जागी झाली.

"तठीच थांबा, तोंडं इकडे करा. उंच मानसं मागं. काठ्या राहू द्या हातात, चांगल्या दिसतात."

"आमाले कायले घेता त्याच्यासंगं?" देवराव म्हणाले. "अपशकुन असते बाई."

"तो हाय, मी हाय. तुमी आले तं वरात पुरी झाली."

आणि चिखल तुडवत जाऊन त्यांनी देवरावांच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली, मान किंचित डावीकडे वळवली. मारायला आलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. "श्वास धरा. मी म्हनीन तोवर कोणी हालनार नाही." शटर उघडं असताना मी लाल बॅटरी त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरवली. एकाला ऐन वेळी शिंक आली; फोटोत त्याला दोन डोकी आहेत.

नंतर उजाडलंच. धूमकेतूचा एकट्याचा फोटो शेवटी निघाला नाही. मी हळहळलो, पण ताई खुशीत होत्या. "एकट्याचा फोटो पासपोर्टले लागते," म्हणाल्या.

तो फोटो चौकटीत लागला. लाल चेहऱ्यांची, काठ्या घेतलेली माणसं आणि वर ते शेंडेनक्षत्र. लग्नसराई जवळ आली तशी समोरचे दुकानदार कुरकुरू लागले, ऐन मुहूर्ताच्या दिवसांत ही अवदसा कायले टांगली म्हणून. ताईंनी चौकटीवर दिवा लावून घेतला. बाजाराच्या दिवशी माळाखालच्या गावातली माणसं स्वतःला बघायला येत. दोन डोक्यांचा तो गृहस्थ तर सासुरवाडीची मंडळी घेऊन आला.

आणि एक दिवस देवराव आले. हनुवटी नीट करून घेतली, टोपी हातात फिरवत राहिले. "पोरीचं लगन काढलं. फोटो तुमी काढसान का?"

"काढीन. पन हळदीपासून येईन. नुसती आहेराच्या वक्ती नाही."

देवरावांनी काचेतून शोकेसकडे पाहिलं, धूमकेतूखाली ताठ उभ्या असलेल्या स्वतःकडे. "या," ते म्हणाले. "माह्या मायले समजावतो."

"समजावू नका. मी आली की समजते."

हळदीच्या दिवशी ट्रायपॉड धरायला मी सोबत होतो. ताई मांडवात शिरल्या आणि बायकांचं गाणं थांबलं. देवरावांची आई पाटाजवळच बसली होती. तिने ताईंच्या कपाळाकडे बघितलं, मग मुलाकडे. देवराव जागचे हलले नाहीत. ताई कोणाकडेच न बघता सरळ नवरीपर्यंत गेल्या, वाकल्या, आणि हळदीने माखलेल्या त्या हनुवटीखाली त्यांनी दोन बोटं घातली. मान किंचित डावीकडे वळवली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता कोणी हालू नका."

कोणी हललं नाही.

गेल्या वर्षी ताई गेल्या. त्यांचा कॅमेरा माझ्याकडे आहे. त्याच्या बटणावर त्या दिवशीच्या बोटाचा पिवळा डाग आहे. त्यांनी तो कधी पुसला नाही, आणि मीही पुसत नाही.